गोल नळीची जीप

1974 च्या मे महिन्यात आम्ही आबांच्या जीपचं इंजिन काढलं. ते तिकाटण्याच्या साखळीला लोंबकळत असतानाच आबांनी पायतान काढून त्याला हात जोडले. "लई पळलं बिचारं," म्हणाले. आणि लगेच मिस्त्रींकडे वळून, "मोडीत घातलं तर काय येईल?"

काही येणार नव्हतं. ते इंजिन बैलगाडीत घालून आबांनी गावी नेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये मी तेव्हा पोऱ्या होतो. पाने पुसणं, रॉकेलमध्ये नटबोल्ट धुणं आणि चहा सांगायला पळणं एवढाच माझा हुद्दा. पण पेट्रोल इंजिन काढून त्या जागी मोठं डिझेल घालायचं काम मी पहिल्यांदा तिथं पाहिलं आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं तेच करत पोट भरलं. किती जीपगाड्या केल्या याचा हिशेब ठेवला नाही. पहिली मात्र बोल्टासकट आठवते.

गाडी लष्कराच्या लिलावातली होती. दुसरं महायुद्ध संपल्यावर आबांच्या वडलांनी घेतलेली. मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच मला चासीच्या पुढच्या टोकाशी बसवलं आणि रेडिएटरखालच्या आडव्या दांड्यावरून हात फिरवायला लावला. "गोल लागतो का चौकोनी?" गोल होता. नळीसारखा. "मग ही विलीस. चौकोनी पट्टी असती तर फोर्ड." युद्धात हीच जीप दोन कारखान्यांनी केली. दोघांनी मिळून सव्वासहा लाखांवर गाड्या बाहेर काढल्या. लांबून दोन्ही सारख्याच, पण फोर्डच्या लोकांनी आपल्या बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' उठवला होता. मला पुढं कित्येक महिने रॉकेलच्या डब्यात असा बोल्ट सापडला की आंब्याच्या राशीत हापूस मिळाल्यासारखं व्हायचं. त्या गाडीतही सापडले दोन-चार. आम्ही त्यावर विचार केला नाही. बोल्ट इकडचे तिकडं होतातच.

आता थोडं मागं जातो, कारण या गाडीचा जन्मच इंजिनाच्या भांडणातून झाला. 1940 साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी घाईनं हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या लहानशा कंपनीनं 49 दिवसांत नमुना तयार करून सप्टेंबरमध्ये लष्कराच्या दारात उभा केला. गाडी सुरेख होती, इंजिन मात्र 45 अश्वशक्तीच्या घरातलं. फोर्डनं आपल्या नमुन्यात काय घातलं असेल? स्वतःच्याच ट्रॅक्टरचं इंजिन, थोडं फेरफार करून. म्हणजे जीपमध्ये ट्रॅक्टरचं इंजिन बसवायची अक्कल आमच्या उद्यमनगराच्या फार आधीची आहे. माझे काही जुने सोबती हे ऐकून हिरमुसतात.

विलीसकडे बार्नी रूस नावाचा इंजिनिअर होता. त्यानं कंपनीचं जुनं 48 अश्वशक्तीचं इंजिन पाठ न सोडता सुधारलं आणि 60 पर्यंत नेलं. 2199 सीसी, चार सिलिंडर, वाल्व बाजूला. नाव 'गो डेव्हिल'. लष्करानं वजनाची मर्यादा घातली तेव्हा हे जड इंजिन सोडायची पाळी आली होती. रूसनं इंजिन सोडलं नाही, गाडी सोलली. बोल्टांची जास्तीची लांबी कापली, पत्रा पातळ केला, रंगाचे हात किती द्यायचे तेही वजनात धरलं. अखेर इंजिनानंच बाजी मारली आणि फोर्डला विलीसच्याच नकाशावर, विलीसच्याच इंजिनासह गाड्या कराव्या लागल्या. फोर्डच्या गाडीचं नाव 'जीपीडब्ल्यू'. शेवटचं अक्षर विलीसचं.

पुढचा किस्सा आमच्या मुंबईत घडला. जे. सी. आणि के. सी. महिंद्र या भावांनी गुलाम मोहम्मद यांच्याबरोबर 1945 मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी कंपनी काढली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीच्या पाटीवर दोन्हीकडे महिंद्र आलं. 1949 मध्ये माझगावात विलीसच्या सुट्या भागांतून पहिल्या 75 जीप जोडल्या गेल्या. नंतर जी उंच बॉनेटची जीप आपण सगळ्यांनी पाहिली, बीडीओची, फौजदाराची, साखर कारखान्याच्या चेअरमनची, ती सीजे-3बी. तिचं बॉनेट असं फुगीर का, हे मी गिऱ्हाइकांना मुद्दाम विचारायचो. कोणी म्हणायचं रुबाबासाठी, कोणी म्हणायचं पाणी काढायला. खरं कारण इंजिन. 1953 मध्ये विलीसनं सीजेमध्ये इनटेकचे वाल्व वर नेलेलं 'हरिकेन' इंजिन घातलं. सीसी तेच, ताकद थोडी जास्त, पण डोकं उंच. जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून कंपनीनं सरळ बॉनेटच वर उचललं. जे काम मिस्त्री छिन्नी-हातोडीनं करायचे ते कंपनीनं साच्यानं केलं, एवढाच फरक.

1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी सरकारी जीप दिसू लागली. ऊस वाढला, कारखाने वाढले, प्रचाराला जीप लागायला लागली. जीप म्हणजे वजन. ज्याच्या वाड्यापुढं जीप त्याच्या शब्दाला किंमत. तोवर पेट्रोलची कोणाला फार फिकीर नव्हती.

ऑक्टोबर 1973 मध्ये अरब देशांनी तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं कच्च्या तेलाचं पिंप चार महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. आपल्याकडं पेट्रोल श्रीमंतांचं आणि डिझेल शेतकऱ्याचं, ट्रकवाल्याचं, असा सरकारी हिशेब होता, त्यामुळं दोन्हींच्या भावातली दरी रुंदावली. आबांची जीप लिटरला सात-आठ किलोमीटर द्यायची, तीही सपाटीला. आबांनी सहा महिने गाडी गोठ्याशेजारी झाकून ठेवली आणि बुलेटवरून फिरले. मग एक दिवस गॅरेजमध्ये येऊन मिस्त्रींना म्हणाले, "हिच्यात डिझेल बसतंय का बघा की."

लोकांना वाटतं, मोठं इंजिन घालतात ते जोरात पळायला. परदेशातल्या हौशी लोकांचं तसं असेलही. आमच्याकडं आलेल्या शंभरातल्या नव्वद माणसांना हळू चाललं तरी चालणार होतं, फक्त स्वस्तात चालायला हवं होतं.

इंजिन मिळालं मिरजेच्या एका भंगारवाल्याकडं. पर्किन्सचं पी-फोर, मद्रासच्या सिम्पसन कंपनीनं परवान्यावर केलेलं. कसल्या गाडीतून उतरवलेलं, ते त्यालाही सांगता येईना. 192 घनइंची, म्हणजे जवळपास 3150 सीसी. आबांच्या जुन्या इंजिनाच्या दीडपट. याच मापाचं पर्किन्स डिझेल अमेरिकेत खुद्द जीप कंपनी 1961 पासून सीजे-5 मध्ये घालून विकत होती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मिस्त्रींना कळायचं कारणच नव्हतं. त्यांनी सुतळीनं लांबी-रुंदी मोजली, सुतळीला गाठी मारल्या, ती खिशात घातली आणि भंगारवाल्याला पैसे दिले.

आता खरं काम. इंजिन उचलून चासीत ठेवणं हा दोन तासांचा खेळ आहे. चेन पुली असली की पोरंसुद्धा करतील. घोळ असतो तो इंजिनाच्या पाठीमागं आणि गिअर बॉक्सच्या पुढं, त्या वीतभर जागेत. पर्किन्सच्या पाठीची भोकं वेगळी, विलीसच्या क्लच हौसिंगची वेगळी. दोघांच्या मध्ये एक प्लेट लागते. पाच सुती लोखंडी पत्रा गॅसनं कापायचा, लेथवर तोंड मारायचं, एका बाजूनं या इंजिनाची भोकं पाडायची, दुसऱ्या बाजूनं त्या हौसिंगची. ऐकायला सोपं आहे. पण क्रँकचा मध्य आणि गिअर बॉक्सच्या शाफ्टचा मध्य एका रेषेत यायला हवा आणि तिथं पाच थाऊपेक्षा जास्त चूक गाडी सहन करत नाही. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. विडीच्या पानाहून पातळ.

मिस्त्री चौथी शिकलेले. ते फ्लायव्हीलवर डायल गेज बसवायचे, हौसिंगच्या भोकाच्या काठाला त्याची सुई टेकवायचे आणि मला इंजिन हातानं हळूहळू फिरवायला लावायचे. सुई हलली की थांब म्हणायचे, प्लेटवर खडूनं खूण करायचे, बोल्ट सैल करून लाकडी हातोडीनं एक टिचकी, पुन्हा फिरव. एक सकाळ, एक दुपार, दिवे लागेपर्यंत. मग जागा पक्की झाली की दोन डॉवेल ठोकायच्या, म्हणजे पुढं कोणीही खोललं तरी प्लेट तिथंच बसेल. शेजारी फौंड्रीचा भाता चालू असायचा, पलीकडं ऑइल इंजिनांचे पंखे फिरायचे. त्या सगळ्या गोंगाटात हा माणूस सुईकडं बघत गप्प.

प्लेटमुळं गिअर बॉक्स मागं सरकतो, म्हणून त्याच्या शाफ्टचं नाक क्रँकच्या भोकातल्या बुशापर्यंत पोचत नाही. मग गनमेटलचा लांब बुश काढायचा. समोरचं डिफरन्शियल एका बाजूला असतं, त्याच्यावर इंजिनाचं ऑइल चेंबर आदळायला नको, म्हणून चेंबर कापून, पोटाला खोबणी पाडून पुन्हा वेल्ड करायचं. चासीवर नवीन फाउंडेशन. रेडिएटर दोन इंच पुढं. पंख्याची पाती कापून लहान. बॉनेट बंद होईना तेव्हा त्याला चार बोटं उंचवटा काढला. पत्रेवाल्यानं तो इतका बेढब केला की आबांचा धाकटा भाऊ म्हणाला, गाडीला कुबड आलंय.

विजेचं कोणी धरलंच नव्हतं. युद्धातली जीप सहा व्होल्टची. साडेसहाला एक इतक्या दाबाचं पेट्रोल इंजिन त्यावर खुशाल चालू व्हायचं. डिझेलचा दाब त्याच्या अडीच-तीन पट. सहा व्होल्टवर सेल्फ मारला की फक्त 'टक्' असा आवाज. म्हणजे बारा व्होल्टचा सेल्फ, डायनामो, मोठी बॅटरी, हीटर प्लगची वायर आणि शेवटी सगळे दिवेसुद्धा बदलायचे. आबांना हा खर्च सांगायला मिस्त्रींनी मला पाठवलं. स्वतः गेले नाहीत.

चालू झाली त्या दिवशी नारळ फोडला. आवाज असा की शेजारचा लेथवाला बाहेर येऊन बघून गेला. आणि मग आबा गाडी रंकाळ्यापर्यंत फिरवून परत आले ते तोंड पाडून. "मिस्त्री, हिला ताप आलाय काय? साठच्या वर सरकत न्हाई."

मिस्त्रींना हे आधीच ठाऊक होतं, आबांना सांगितलं नव्हतं इतकंच. जुनं इंजिन मिनिटाला 4000 फेऱ्या मारायचं, या डिझेलचा पंप 2200 ला बांधलेला. मागचा क्राऊन-पिनियन आठ-एकोणचाळीस, म्हणजे इंजिनाच्या जवळजवळ पावणेपाच-पाच फेऱ्यांना चाकाची एक. चाकाचा घेर दोन मीटर वीस. गुणाकार करा, पेट्रोलवर ताशी 108 येतात, डिझेलवर 60. सीजेमध्ये तर आठ-त्रेचाळीसचा क्राऊन असायचा, तिथं हाच आकडा 54 वर यायचा. इंजिन दीडपट मोठं आणि वेग जवळपास निम्मा. हे गणित मी पुढं प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी कागदावर करून दाखवायचो. मिस्त्रींची एवढी एक सवय मी उचलली नाही.

पण आबांनी ती गाडी गगनबावड्याला नेली. मीही मागं बसलो होतो, पान्यांची पेटी मांडीवर घेऊन. गाडीत सात माणसं आणि चार पोती. पेट्रोलवर ती करूळ घाट चढताना दोनदा उकळायची, ओढ्यावर थांबून रेडिएटरवर ओलं पोतं टाकायला लागायचं. डिझेलवर दुसऱ्या गिअरमध्ये टाकली ती वर येईपर्यंत आबांनी दांडीला हात लावला नाही. त्याआधी खाली उतरतानासुद्धा इंजिनच गाडी धरून ठेवत होतं, ब्रेकचं काम निम्मं झालं. त्या नऊ इंची ड्रमांना एवढं वजन पेललं नसतं, हेही खरं. वर पोचल्यावर आबांनी सगळ्यांना भजी चारली आणि साठचं नाव पुन्हा काढलं नाही.

तीनशे किलोमीटरनंतर गाडी परत आली. क्लच दाबला की किंचाळायची. खोलून बघितलं तर गनमेटलचा बुश एका अंगानं खाल्लेला. चूक माझी. प्लेट शेवटची बसवताना एका भोकाच्या काठाला ड्रिलची बरी राहिली होती, कानसीनं काढायची ती मी काढली नव्हती आणि तशीच आवळली होती. एवढ्याशा बरीनं मिस्त्रींचा अख्खा दिवस वाया घालवला. ते काही बोलले नाहीत. बुश माझ्या तळहातावर ठेवला आणि चहा प्यायला गेले. तो बुश अजून माझ्याकडं आहे.

दीड वर्षात गिअर बॉक्सच्या दुसऱ्या गिअरचे दात गेले. समोरचे पाटे वजनानं चपटे झाले होते, त्यात एकेक पान वाढवलं. मोठं इंजिन घातलं की गाडीतली सगळ्यात लेचीपेची जागा कोणती, ते आपण शोधायची गरज नसते.

उद्यमनगरात ही कामं जोरात चालली होती तेव्हा कारखान्यानंही तेच केलं. महिंद्रकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यानं ट्रॅक्टर होत होते. त्याच घराण्यातलं 2350 सीसीचं डिझेल त्यांनी जीपमध्ये घातलं. मग प्यूजोचं 2112 सीसीचं इंजिन आलं, एमएम 540 आली, इगतपुरीला इंजिनांचा कारखाना आला. प्यूजो हलकं होतं आणि फेऱ्याही मारायचं. साठचा शाप सुटला. आमचं काम मात्र थांबलं नाही, फक्त गिऱ्हाईक बदललं. ज्यांच्याकडं जुन्या पेट्रोल सीजे होत्या त्यांना आता मोडीतल्या महिंद्रचं प्यूजो हवं असायचं. कुणाला मॅटाडोरचं. जबलपूरला होणारी लष्कराची जोंगा लिलावात निघायला लागली तेव्हा तीही आली. तिच्यात मुळातच चार लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, पंपावाल्याला जावई वाटावं असं. तिचं काम उलट्या दिशेचं होतं, मोठं काढून लहान घालायचं, पण कारण तेच.

कायद्याचं म्हणाल तर आरसी बुकात इंजिन नंबर असतो. तो बदलून घ्यायचा म्हणजे अर्ज, बिल, चासी नंबरचा पेन्सिलीनं काढलेला ठसा आणि दोन-तीन फेऱ्या. आबांनी ते सगळं रीतसर केलं. पुष्कळांनी केलं नाही आणि पुढं गाडी विकताना रडले. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं 52 वं कलम नंतर आणखी आवळलं गेलं आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीनं केलेल्या मूळ घडणीत बदल करायचा नाही असं बजावलं. माझी त्याला हरकत नाही. मी जेवढी चांगली कामं पाहिली त्याच्या दुप्पट भयंकर पाहिली. सुतळीनं बांधलेली डिझेलची नळीसुद्धा पाहिली.

तोवर कामही आटलं होतं. 2010 मध्ये पेट्रोलचे भाव मोकळे झाले, 2014 मध्ये डिझेलचे, आणि दोघांमधली दरी बुजत गेली. मिस्त्री त्याआधीच गेले. गॅरेजच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे.

दोन वर्षांपूर्वी आबांचा नातू घरी आला. पुण्यात संगणकाची नोकरी. जीप अजून त्यांच्याकडंच आहे, तीच कुबडाची. त्याला ती 'ओरिजिनल' करायची होती. डिझेल काढायचं, बॉनेट सपाट करायचं, सहा व्होल्ट, लष्करी हिरवा रंग, सगळं 1940 च्या दशकातलं. "काका, तुम्हीच काढलं होतं ना ते इंजिन? आजोबांनी विकलं नाही. गोठ्यात आहे."

गेलो त्याच्याबरोबर. गोठ्याच्या कोपऱ्यात, शेणाच्या आणि पालापाचोळ्याच्या ढिगात ते अर्धं पुरलं होतं. वीस-पंचवीस वर्षं त्याच्या फ्लायव्हीलला म्हैस बांधत होते, दाव्यानं दात घासून गुळगुळीत झालेले. ब्लॉक फुटला नव्हता, याचंच आश्चर्य. पोरानं खिशातून कागद काढला, त्यावर चासीचा नंबर लिहून आणलेला. विलीसच्या इंजिनाचा नंबर 'एमबी' या अक्षरांनी सुरू होतो, तो कुठं असतो, दोन्हींची साल कशी जुळवायची, सगळं त्यानं वाचून ठेवलं होतं. माझ्याहून जास्त.

ब्लॉकच्या पुढच्या अंगाला तारेच्या ब्रशनं गंज काढायला मी बसलो. गुडघे आता वाकत नाहीत, त्यानं पाट आणून दिला. रॉकेल, ब्रश, पुन्हा रॉकेल. पहिलं अक्षर उमटलं ते 'जी'. मग 'पी'. मग 'डब्ल्यू'.

लष्कराच्या डेपोत गाड्या खोलून पुन्हा जोडताना जे इंजिन हाताशी येईल ते बसवायचे. आम्हाला ते कळायला हवं होतं, त्या 'एफ'च्या बोल्टांवरूनच. विलीसच्या गोल नळीवर फोर्डचं इंजिन. आबांच्या वडलांनी लिलावात बोली लावली त्याच्याही आधी कोणीतरी, कुठल्याशा तंबूत, चेन पुली लावून एक काढलं होतं आणि दुसरं घातलं होतं.

पोरगा बराच वेळ कागद हातात धरून उभा होता. मग त्यानं विचारलं, "आता, काका? कुठलं बसवायचं?"

मी म्हणालो, आधी हे उचलायला चार माणसं बोलाव. आणि ती म्हैस जरा लांब बांध.